उंबऱ्याबाहेरची सही

संग्रामपूर तालुक्यात नवी गॅसची शेगडी बसवायची म्हटली, की एजन्सीकडून जी बाई येते तिच्याविषयी लोक दोन गोष्टी सांगतात. तिच्या हाताखालून गेलेला सांधा गळत नाही, ही पहिली. तिच्या तोंडी लागू नये, ही दुसरी. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या एकाच मुळातून निघाल्या आहेत, हे मात्र कोणी सांगत नाही.

जयमाला मूळची मोताळ्याकडची. माहेरी दीड एकरात वांगी, मेथी, कोथिंबीर पिकवून बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला गोणपाटावर मांडायची, एवढाच व्यवसाय. लग्न होऊन ती संग्रामपूरला आली तेव्हा तिचा नवरा भागवत सिलिंडर खांद्यावर टाकून घरोघर पोचवीत असे. पुढे तो शेगड्या बसवायला शिकला. माणूस सरळ होता, आणि सरळ माणसाच्या हातून जी चूक होते तीच त्याच्या हातून झाली. दुपारच्या वेळी गावातले पुरुष शेतावर असत, घरात एकटीदुकटी बाई. परक्या पुरुषाने चुलीपाशी जाऊ नये ही त्याच्या लेखी सभ्यता होती. तो ओसरीवर उभा राहून विचारी, "बरोबर बसली ना?" आतून "हाव" येई. तो तपासणीच्या कागदावर सही करी आणि पुढच्या घरी जाई.

अशाच एका सहीच्या घरी अन्नपूर्णाबाई नावाच्या बाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. भागवत तिला दवाखान्यात पाहून आला आणि दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने बायकोला सोबत घेतलं. तो ओसरीवरून सांगे, ती आत जाऊन करी. सहा महिन्यांत त्याला सांगण्याची गरज उरली नाही. पुढे कावीळ होऊन तो गेला, तेव्हा एजन्सीच्या हरिओमशेठने त्याची पिशवी तिच्याच हाती दिली. लोकांनी त्याला उपकार म्हटलं. त्यात उपकार कसला? बाईमाणसाला कोणत्याही स्वयंपाकघराचं दार उघडतं, एवढा साधा हिशेब त्यात होता.

तो हिशेब वर्षातले तीनशे साठ दिवस बरोबर येई. उरलेल्या पाच दिवसांत लोकांना आठवे, की ही बाई विधवा आहे.

यंदाच्या भाद्रपदात, ज्या दिवशी संध्याकाळी महालक्ष्म्या घरात यायच्या त्याच सकाळी, जयमाला सोनाळ्याच्या रस्त्यावरच्या एका गावात किसनरावांच्या दारी पोचली. किसनराव गावातले मोठे शेतकरी. उन्हाळ्यात त्यांनी नवं स्वयंपाकघर बांधलं होतं. ओट्याखाली चकचकीत कपाटं, ओट्यावर काचेची चार बर्नरची शेगडी. दुसऱ्या दिवशी त्या शेगडीवर दोनशे पानांचा महाप्रसाद शिजायचा होता. नवी शेगडी तपासून कागदावर सही झाल्याशिवाय जादा सिलिंडर द्यायचं नाही, असा एजन्सीचा नियम होता. म्हणून ती आली होती.

ती चपला काढून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली, तोच आतून मनकर्णाबाईंचा आवाज आला. मनकर्णाबाई म्हणजे किसनरावांच्या पत्नी.

"थांब वं बाप्पा, तिथंच थांब!"

"काऊन?"

"काऊन म्हनजे? आज कोनता दिवस हाये, तुले माहीत नाही का? सैपाकघर धुऊन काढलं पहाटी. तू तिथूनच सांग. कुलदीप लावून राह्यला ना."

"काकू, मी शेगडी पाहाले आली. लक्ष्म्याइले हात लावाले नाही आली."

"मंग सैपाक कशावर होईन लक्ष्म्याइचा? त्याच शेगडीवर ना? समजून घे माय. तुले कोनी वाईट नाही म्हनत. बस, च्या घे."

आणि खरोखरच त्यांनी सुनेकरवी पाट आणि चहा बाहेर पाठवला. मनकर्णाबाईंच्या मनात दुष्टावा नव्हता. गेल्या वर्षी एका भर दुपारी त्यांनीच जयमालेला पोटभर भाकरी वाढली होती. माणसाला दाराबाहेर ठेवून त्याला चहा देता येतो, आणि देणाऱ्याला आपण प्रेमळ आहोत असंच वाटत राहतं. जयमालेला शिव्या सोसता आल्या असत्या. तो चहा सोसेना. तिने कप खाली ठेवला.

ओसरीवरच्या झोपाळ्यावरून किसनराव म्हणाले, "जयमालाबाई, सही करून टाक ना. पोरगं डिप्लोमा शिकेल हाये."

"पाहिल्याबिगर मी सही करत नाही, काकाजी."

"एवढा मोठा दरवाजा हाये. दिसत नाही का तिथून?"

"दिसते. मंग ओट्याखालचं कपाट उघडाले सांगा."

कपाटाचं दार उघडलं ते सुनेने. तिचं नाव डिंपल. उद्या पहाटे चारपासून त्या शेगडीपाशी उभं राहायचं होतं ते तिला. सिलिंडर आत, बंद कपाटात, अंधारात बसलेलं होतं. हवा जायला बोटभरही फट नव्हती. रेग्युलेटरमधून निघालेली नळी कपाटाच्या पाठीतल्या भोकातून वर शेगडीकडे गेली होती. ती नळी हिरवीगार होती.

जयमालेने उंबऱ्यावर हात टेकून मान आत घातली. पिकावर फवारणी करायच्या पंपाची नळी या जिल्ह्यात कोणाला ओळखू येत नाही? प्रत्येक गोठ्याच्या खुंटीला तिचं वेटोळं टांगलेलं असतं. सांध्यांवर क्लिप नव्हती. बांधकामाची तार पिळून आवळलेली होती.

"हे कोनाची अक्कल?" तिने विचारलं.

"माह्यी," किसनरावांचा मुलगा कुलदीप हसत म्हणाला. अठ्ठावीस वर्षांचा, हातात पाना, अंगात नवा कुर्ता. "मावशी, तुमची नारिंगी नळी दोन बोटं दाबली की चपटी होते. हे एचटीपी पंपाची हाये. चाळीस किलोचं प्रेशर घेते चाळीस! गॅसचं प्रेशर तं याच्यापुढं फुंकर हाये फुंकर. आन् नवी कोरी हाये, औषिदाचा थेंब नाही लागेल तिले."

तर्क चुकीचा होता, पण मूर्खाचा नव्हता. ज्याने आयुष्यभर नळीचा विचार दाबाच्या भाषेतच केला, त्याला तो तर्क अचूक वाटणारच. वावरात नळी फुटते ती दाबाने. घरातही ती दाबानेच फुटेल, असं त्याने धरलं. गॅस नळीला फोडत नाही, तो तिला आतून खातो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. जी सांगू शकत होती तिला त्याच्या आईने उंबऱ्याबाहेर पाट दिला होता.

"प्रेशरचा सवालच नाही," जयमाला म्हणाली. "या नळीले गॅस कडक करते. काही महिन्यात लाकडासारखी होते ते. मंग चिरते. आन् तोंडापाशी आत्ताच ढिली हाये, पाह्य. तार काहाले बांधली? बसत नव्हती म्हनूनच ना?"

"गरम पान्यात बुडवून बसवली."

"काढ ते. सिलिंडर कपाटाभायेर घे. कपाटात गॅस साचला तं कोनाले वास बी येनार नाही. तो जड असते, खाली बसते, जमिनीनं सरकते. आन् तुमचा देव्हारा तिथं खालीच हाये."

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, वीतभर उंचीच्या चौरंगावर देव होते. समोर समई तेवत होती.

मनकर्णाबाई म्हणाल्या, "देवाच्या घरात कोनाचं वाईट नाही होत."

"देवाले नळी कोनती ते कळत नाही, काकू."

"तोंड सांभाळून बोल! या तोंडानंच तं..." मनकर्णाबाई थांबल्या, पण उशिरा. वाक्याचा उरलेला अर्धा भाग सगळ्यांना ऐकू आला होता. भागवतची कावीळही आता तिच्या तोंडाच्या नावावर मांडली गेली होती.

किसनरावांनी फोन लावला आणि तिच्या हातात दिला. पलीकडून हरिओमशेठ म्हणाला, "बाई, सनासुदीचं काहाले वाढवता? करा सही. उद्या-परवा जाऊन पाहून घ्या निवांत."

"आन् उद्या पहाटी काय होईन?"

"काही नाही होत वो. गावोगाव लोक काय काय लावतात. कोनाचं काय झालं?"

अन्नपूर्णाबाईंच्या घरचा सही केलेला कागद याच शेठच्या कपाटात पडून होता. जयमालेने फोन किसनरावांना परत दिला. तिच्या रागाचं स्वरूप समजून घेतलं पाहिजे. तिला कोणी हलकं लेखलं, हा त्याचा केवळ वरचा थर. त्याच्या खाली असं होतं, की या घराला तिची सही हवी होती, डोळे नको होते. जबाबदारी तिची, घर त्यांचं. उद्या काही झालं तर पोलिस जो कागद पाहतील त्यावर नाव तिचं असणार होतं, आणि त्या नावाला आत यायला बंदी होती.

"मी सही करनार नाही," ती म्हणाली. "दुसरा मानूस बोलवा."

"अरे, काय नखरे लावले बे हिनं!" कुलदीप चिडला. "थांबा, दाखवतोच. पाहा, येते का वास?" त्याने कपाटात हात घालून रेग्युलेटरची खटकी फिरवली, आणि आपली नळी किती पक्की आहे हे दाखवायला तिला एक हिसका दिला.

तार सरकली. नळी शेपटीसारखी मागे उसळली. कपाटातून फूस्स असा आवाज निघाला आणि कुजक्या लसणासारखा तो वास सबंध खोलीत घुसला.

कुलदीप घाबरला. घाबरलेला माणूस जे सर्वांत जवळचं ते करतो. त्याचा हात भिंतीवरच्या पंख्याच्या बटणाकडे गेला, वास बाहेर काढायला.

"बटन नको! हात काढ!" जयमाला ओरडली. "डिंपल, भायेर हो! काकू, समई विझवा!"

मनकर्णाबाई जागच्या हलल्या नाहीत. त्या भीतीने थिजल्या नव्हत्या. त्या ठामपणे उभ्या होत्या. "आजच्या दिवशी? देवाचा दिवा विझवत नसतात!"

मग जयमालेने उंबरा ओलांडला.

किती पावलं असतील? चार, पाच. तिने कुलदीपला खांद्याने बाजूला लोटलं, गुडघ्यावर बसून खटकी बंद केली, उठली, आणि कोपऱ्यात जाऊन समईच्या दोन्ही वाती बोटांच्या चिमटीत दाबल्या. बोटं भाजली. मागचं दार, दोन्ही खिडक्या तिने सताड उघडल्या, आणि सगळ्यांना ढकलतच अंगणात काढलं.

अंगणात मनकर्णाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"माह्या घराचा दिवा मालवला वो हिनं! बावीस वर्सं झाली लक्ष्म्या बसवून राह्यली मी, असं नाही घडलं. पांढऱ्या कपाळाच्या बाईनं माह्या देवापुढची वात..."

"हाव, मालवली!" जयमालेचा आवाज चिरकला. "सकाळपासून सांगून राह्यली, उंबऱ्याभायेर बसून, भिकारनीसारखी. कपाळ पाहून राह्यल्या तुमी माह्यं. मी तुमची नळी पाहून राह्यली. मालवली नसती तं आज लक्ष्म्या कोनाच्या घरी आल्या असत्या? या घराले भिंती राह्यल्या असत्या का?"

"पाहा वो, कशी बोलते! काढा हिले घराभायेर."

किसनराव झोपाळ्यावरून केव्हाच उठले होते. ग्रामसभेत विधवांच्या सन्मानावर ते चांगलं बोलत, टाळ्याही पडत. आता त्यांनी घसा साफ केला आणि मध्यम मार्ग शोधला. मध्यम मार्ग शोधायची सवय असलेल्या माणसाला आगीच्या आणि माणसाच्या मधलीही जागा सापडते.

"जयमालाबाई, झालं ते झालं. तू काकूची माफी मागून टाक. आमी शेठले काही सांगत नाही."

"काकाजी, माफी कायची मागू? खटकी बंद केली त्याची, का वात दाबली त्याची?"

त्यावर डिंपल बोलली. लग्नाला दोन वर्षं झालेली, घरात फारसा आवाज नसलेली मुलगी. ती सासूकडे न पाहता बोलली, पण बोलली.

"उद्या पहाटी मलेच उभं राहाचं होतं ना तिथं. तुमच्यापैकी कोनी उभं राहनार नव्हतं. या बाईनं नळी बसवल्याशिवाय मी त्या सैपाकघरात पाय ठेवत नाही. सैपाक चुलीवर करा, नाही तं तुमीच करा."

"तोंड फुटलं वाटते हिले," मनकर्णाबाई पुटपुटल्या. पण दोनशे पानांचा स्वयंपाक सुनेवाचून होणार नव्हता, हे त्यांनाही कळत होतं. धर्म जिथे थांबतो, तिथे पुष्कळदा असा एखादा व्यवहार उभा असतो.

अर्ध्या तासाने, वास पुरता गेल्यावर, जयमाला आत गेली. कोणी "ये" म्हटलं नाही आणि कोणी अडवलं नाही. सिलिंडर तिने कपाटातून ओढून मागच्या दाराजवळ, उघड्यावर, सरळ उभं केलं. हिरवी नळी चाकूने मधोमध कापली, म्हणजे ती पुन्हा कोणी लावू नये. पिशवीतली नारिंगी नळी मापून, दोन्ही टोकांना क्लिप आवळून, सबंध डोळ्यांसमोर राहील अशी बसवली. साबणाचं पाणी लावून प्रत्येक सांध्याकडे पुरतं मिनिटभर पाहिलं. बुडबुडा आला नाही. तिने डिंपलला जवळ बोलावलं आणि खटकी कुठे, रात्री ती का बंद करायची, वास आला तर आधी काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

ती बाहेर आली तेव्हा मनकर्णाबाई तांब्यात गोमूत्र घेऊन उभ्याच होत्या. जयमालेची पाठ वळायचीही त्यांनी वाट पाहिली नाही. उंबऱ्यावर, ओट्यावर, नव्या नळीवरसुद्धा त्यांनी शिंपडलं. जयमालेने ते सगळं पाहिलं. तिने सही केली, आणि सहीच्या वर लिहिलं, ‘फवारणीची नळी लावलेली सापडली. कापून बदलली.’ किसनराव चष्मा लावून वाचू लागले. "हे कशाले लिहिलं वं? नुसती सही पुरे होती."

"नुसत्या सह्यांनीच हात जळाले लोकाइचे."

ती पिशवी उचलून निघाली, तेव्हा कुलदीप तिच्या स्कूटीपाशी उभा होता. नवा कुर्ता घामाने अंगाला चिकटला होता.

"काय हाये?"

"मावशी... मी अजून चार घरी लावून देल्ली."

"काय?"

"हेच नळी. गावातच. लोक म्हनत होते, तुह्यी आयडिया चांगली हाये, आमाले बी लावून दे. सत्यभामाकाकूच्या घरी तं पोळ्याच्या आधीच्या पोळ्याले लावली. वर्स होऊन गेलं."

जयमालेने डोळे मिटून घेतले. त्या चारही घरांच्या कागदांवर कोणाच्या तरी सह्या असतील, ओसरीवरून केलेल्या. कदाचित तिच्याच आजारपणात आलेल्या बदली माणसाच्या. कदाचित कोणाच्याच नसतील. आणि चारही घरांत आज लक्ष्म्या येणार होत्या, चारही घरांत दिवे लागणार होते, चारही घरांत तिच्यासाठी उंबरे होते.

"बस गाडीवर," ती म्हणाली.

"मी? मी कशाले? नावं सांगतो ना."

"लावाले गेला तवा नाव सांगून मोकळा झाला होता का? बस."

वाटेतच हरिओमशेठचा फोन आला. किसनरावांनी सांगायचं ते सांगितलं होतं. "बाई, तुमी माह्यं गिऱ्हाईक तोडता. सन होईपर्यंत घरी बसा. मंग पाहू."

"बसीन घरी. आधी चार नळ्या पाठवा, आठ क्लिपा. तासाभरात. नाही तं चारही घरची सिलिंडरं मी बैलगाडीत घालून तुमच्या दुकानापुढं आनून टाकीन, आन् तालुक्याले सांगीन काऊन आनली ते."

तिने उत्तर ऐकलं नाही.

सत्यभामाबाईंच्या दारात रांगोळी पडली होती. म्हातारी उंबऱ्यात आली आणि जयमालेला पाहून दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावून उभी राहिली. "आज नको वं बाई. परवा ये."

जयमालेने कुलदीपकडे पाहिलं. त्याने खाली पाहिलं. "बोल," ती म्हणाली. "बोल, नाही तं मी तुह्या तोंडचं बोलीन, आन् ते बरं नाही लागनार."

"काकू," कुलदीप म्हणाला, "मी लावलेली नळी... चुकीची हाये. ते गळू शकते."

"चालून तं राह्यली बापा. आत्ता आंबील ठेवली शेगडीवर."

"आंबील चालू हाये?" जयमालेने विचारलं, आणि म्हातारीच्या हाताखालून वाकून ती आत गेली. पाठीमागे "अवो, अवो" असा आवाज उठला. तिने शेगडी बंद केली, मग खटकी बंद केली, आणि नळी दोन्ही हातांनी धरून हळूच वाकवली.

ती वाकली नाही. वाळलेल्या तुरीच्या काडीसारखी कटकन चिरली. चीर बोटभर लांब होती आणि तिच्या आतून तो वास येत होता.

जयमालेने चिरलेला तुकडा कापला आणि दारात आणून कुलदीपच्या हातात ठेवला. तो त्याच्याकडे पाहत राहिला, मग आंबिलीच्या भांड्याकडे, मग म्हाताऱ्या सत्यभामाबाईंकडे.

"दुसरं घर कोनतं?" तिने विचारलं.